ओवी जात्यावरच का सुचते?

‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ ही म्हण आपण काम सुरू केल्यावर मार्ग सापडतो अशा अर्थाने वापरतो. तिचा शब्दशः अर्थ मात्र एक कोडंच आहे. पहाटे चार वाजता उठायचं, अंधारात जड दगड फिरवायचा, घरातल्या आठ-दहा तोंडांना पुरेल इतकं जोंधळ्याचं पीठ काढायचं. इतक्या कष्टात कविता सुचायची, आणि दुपारी निवांत बसल्यावर सुचायची नाही. असं का व्हावं?

हे मी घरात पाहिलं आहे. आमची आजी लातूर जिल्ह्यात औशाकडची. शेवटची काही वर्षं ती आमच्याकडे नांदेडला होती. एकदा आम्ही तिला खुर्चीत बसवलं, पुढे फोन धरला आणि म्हटलं, ‘आजी, ओव्या म्हण. सगळ्या साठवून ठेवू.’ तिने आठवून पाहिलं. एक ओळ आली, पुढची येईना. ‘असं नुसतं बसून कुठं ओवी येती का? हाताला काहीतरी पायजे की,’ असं म्हणून ती खुर्चीवरून उतरली, फरशीवर मांडी घालून बसली, मूठ वळली आणि जणू खुंटा धरलाय असा हात फिरवू लागली. मग ओव्या येऊ लागल्या. काही जुन्या होत्या. काही तिथल्या तिथे जुळत होत्या, कारण त्यांत आमच्या घरासमोरून जाणारी बस होती आणि गोदावरीचा पूल होता.

मोकळीक दिली तेव्हा डोकं थांबलं आणि हात एका वर्तुळात अडकवला तेव्हा चाललं. बंधन आणि निर्मिती यांचं हे नातं समजून घ्यायला मराठवाड्याची ओवी फार उपयोगी पडते.

मोंढ्यात ‘काहीतरी’ शोधायला गेलेला माणूस

नवं काही सुचणं म्हणजे बहुतेक वेळा शोधणं. शब्द, चित्रं, अनुभव आपल्या डोक्यात आधीच असतात. त्यांतले कोणते उचलायचे आणि कशाशी जोडायचे, एवढाच प्रश्न असतो.

समजा, तुम्हाला कोणी सांगितलं, ‘लातूरच्या मोंढ्यात जा आणि काहीतरी घेऊन ये.’ तुम्ही आडतीच्या दुकानांवरून फिरत राहाल. तूर, सोयाबीन, हरभरा, सगळे ढीग डोळ्यांखालून जातील आणि पाय कुठेच थांबणार नाहीत. आता तेच काम असं सांगा: ‘पेरणीला तुरीचं बी हवंय, हलक्या रानात येणारं, लवकर निघणारं.’ मोंढा तेवढाच आहे. पण आता तुमचे डोळे काहीतरी विचारत फिरतात. नऊ दुकानं तुम्ही न थांबता ओलांडता आणि दहाव्यापाशी वाकून दाणे हातात घेता.

‘कशावरही कविता लिहा’ असं सांगितलेल्या मुलाची अवस्था पहिल्या माणसासारखी असते. डोकं रिकामं नसतं, भरलेलंच असतं. शोध कुठून सुरू करायचा हे ठरत नाही. अट घातली की शोधाला दार मिळतं.

रोजच्या स्वयंपाकात हे दिसतं. ‘आज काय करू?’ हा प्रश्न भरल्या फ्रीजपुढे जितका छळतो तितका दोन वांगी आणि मूठभर शेंगदाण्यांपुढे छळत नाही. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते. लातूर-धाराशिव भागात त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं भरतात. त्या दिवशीची भज्जी ज्याने खाल्ली असेल त्याला मी काय म्हणतो ते कळेल. त्या आठवड्यात शिवारात जे ओलं असेल तेच तिच्यात पडतं: तुरीचे हिरवे दाणे, हरभरा, वाल, हाताला लागेल ती पालेभाजी, आणि सगळ्याला बांधणारं बेसन. एका दिवसाच्या शिवाराने घालून दिलेली ही यादी आहे. तिच्याबाहेर जायचं नाही, या अटीतूनच ती चव आली.

जातं काय काय ठरवून टाकतं

आता जात्याकडे येऊ. बाई जात्यावर बसते तेव्हा कितीतरी गोष्टी तिच्या हातात उरत नाहीत.

लय दगडाची असते. एक फेरा पुरा व्हायला जितका वेळ लागतो तितकीच ओळीची लांबी. मध्ये घास घालायला एक हात सुटतो, तिथे श्वासाची जागा. चाल ठरलेली असते. तिला ओव्या म्हणणाऱ्या बाया ‘गळा’ म्हणतात. ओळी दोन. दोन्हींच्या शेवटी यमक. विषयही बरेचसे ठरलेले: माहेर, भाऊ, लेकरू, सासर, पंढरी, राम-सीता.

इतकं ठरल्यावर नवं करायला काय उरलं, असं वाटेल. एक ओवी जुळवून पाहू. पुढची उदाहरणं परंपरेतली नव्हेत, समजावण्यापुरती मीच जुळवली आहेत. समजा, पहिली ओळ आली:

उसाच्या फडाला, पाणी पाटाचं वळतं

ही ओळ डोळ्यांसमोरच्या रानातून आली. तिला फारसा विचार लागत नाही. दुसरी ओळ नात्यात जाणार, हेही ठरलेलं आहे, म्हणून तिचा पहिला अर्धा भाग सवयीने बाहेर पडतो: ‘माझ्या गं भावाचं…’ आता उरली शेवटची जागा. तिथे ‘वळतं’शी जुळणारा शब्द हवा आणि तो हा फेरा पुरा व्हायच्या आत हवा. डोकं धावतं: कळतं, जळतं, पळतं, टळतं, गळतं. पहिला पर्याय सोपा आहे:

माझ्या गं भावाचं, मन मला गं कळतं

ओवी झाली. गोड आहे, पण अपेक्षित आहे. यातला दुसरा ‘गं’ केवळ जागा भरायला आला. ‘मन मला कळतं’ एका अक्षराने तोकडं पडत होतं. लोकओवीत अक्षरं काटेकोर मोजत नाहीत. स्वर ताणून, आखडून, असे ‘गं’ आणि ‘बाई’ पेरून ती चालीत बसवतात. पण पुढच्या फेऱ्यात बाईने ‘गळतं’ उचललं तर?

उसाच्या फडाला, पाणी पाटाचं वळतं
माझ्या गं भावाचं, माळवद गं गळतं

आता काय झालं पाहा. पहिल्या ओळीत पाणी शहाण्यासारखं वळून उसाकडे जातंय. दुसऱ्या ओळीत तेच पाणी मातीच्या धाब्यातून घरात टपकतंय. शेतात ऊस आहे, पण भावाच्या घरावर माती टाकायला पैसा नाही. ऊस बहुधा दुसऱ्याचा असावा. बहिणीची सगळी काळजी दोन ओळींत उतरली, आणि तिने ती सांगायचं ठरवलंही नव्हतं. यमकाने तिला हाताला धरून गळक्या माळवदाखाली नेलं. मोकळेपणाने लिहायला बसली असती तर ती ‘मला भावाची काळजी वाटते’ असं लिहून थांबली असती.

कवीला शब्द आणि अर्थ सुचतात आणि मग तो त्यांना वृत्तात कोंबतो, असं शाळेत आपल्याला वाटायचं. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलट घडतं. अट शब्द सुचवते आणि शब्द अर्थापर्यंत नेतो.

लय हिशेब ठेवते

यात आणखी एक गोष्ट आहे. आपण एका वेळी डोक्यात फार थोड्या गोष्टी धरू शकतो. मानसशास्त्रज्ञ या छोट्या जागेला कार्यकारी स्मृती म्हणतात. तिला दुकानाची पुढची फळी समजा, गोदाम नव्हे. माल पाठीमागे कितीही असो, फळीवर एका वेळी चार-पाच वस्तूच मांडता येतात. ओळीची लांबी, चाल, विषय, सुरुवात हे सगळं फळीवर असेल तर नव्या शब्दाला जागाच राहत नाही. जात्याचा फेरा आणि ठरलेली चाल हा हिशेब अंगावर घेतात. हात मोजतो, डोकं मोकळं होतं. शिवाय ओळ पुन्हा घोळवता येते, आणि ती घोळवताना पुढची जुळवायला उसंत मिळते.

अमेरिकन अभ्यासक मिल्मन पॅरी आणि त्यांचे शिष्य आल्बर्ट लॉर्ड १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियात गेले. तिथले लोकगायक हजारो ओळींच्या वीरगाथा कागदाविना गायचे. ते पाठांतर करत असतील असं वाटत होतं. पॅरी आणि लॉर्ड यांच्या लक्षात आलं की गायक दर वेळी गाणं नव्याने जुळवतात, आणि ते जमतं ते ओळीच्या पक्क्या मापामुळे व त्या मापात बसणाऱ्या तयार तुकड्यांमुळे. लॉर्ड यांनी १९६० साली हे पुस्तकरूपाने मांडलं. वरच्या ओवीतला ‘माझ्या गं भावाचं’ हा तसाच तयार तुकडा आहे. तो ओठांवर येत असताना मन पुढच्या रिकाम्या जागेपाशी पोचलेलं असतं.

ओवी इथे किती जुनी आहे याची एक खूण लातूरच्या शेजारीच सापडते. निलंगा-उदगीरकडून सीमा ओलांडली की बसवकल्याण लागतं. तेव्हाचं हे कल्याण, चालुक्यांची राजधानी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही दीडशे वर्षं आधी ओवी आणि बाईच्या हातातलं काम यांची गाठ पडलेली होती. गंगाखेडच्या जनाबाईबरोबर प्रत्यक्ष विठ्ठल दळायला बसला अशी कथा आपल्या लोकांनी सांगितली, तीही जात्यापाशीच घडते. आणि ज्यांचं जन्मगाव परंपरेने हिंगोली जिल्ह्यातलं नरसी मानलं जातं ते नामदेव ज्या अभंगात रमले, त्या मोठ्या अभंगाचं माप सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. एवढ्याशा खोलीत सातशे वर्षं मराठी माणूस राहतो आहे आणि ती त्याला अपुरी पडलेली नाही.

चाकोरीतून गाडी बाहेर कशी पडते

‘चाकोरी’ हा शब्द आपण सहज वापरतो. तो चाकांनी पाडलेल्या खोल रेघांचा आहे. काळ्या रानातल्या गाडीवाटेवर पावसाळ्यानंतर चाकोरी वाळून दगडासारखी होते. बैलांना हाकायचीही गरज उरत नाही, चाकं आपोआप जुन्या रेघेत पडतात. मनाचंही तसंच आहे. पूर्ण मोकळं सोडलं की ते नव्या वाटेला जात नाही, सगळ्यांत खोल रेघेत जाऊन पडतं.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ टॉमस वॉर्ड यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना परग्रहावरचा प्राणी काढायला सांगितलं होतं. पृथ्वीसारखं तिथे काही नाही, हवं ते काढा. बहुतेकांच्या प्राण्यांना डोळे होते, पाय होते, आणि उजवी-डावी बाजू सारखी होती. हवं ते काढायची मुभा मिळाल्यावर त्यांनी गल्लीतलं कुत्रंच थोडं वाकडं करून काढलं.

याच्या उलट बाजूचा प्रयोग रोनाल्ड फिंक यांचा, १९९०चा. लोकांना गोळा, शंकू, आकडा, चाक असे साधे आकार द्यायचे आणि ते मनात जोडून उपयोगी वस्तू तयार करायला सांगायचं. काहींना आकार किंवा वस्तूचा प्रकार निवडायची मुभा होती. काहींना दोन्ही नेमून दिले होते: हेच तीन आकार, आणि वस्तू अमुक प्रकारचीच. कल्पक वस्तू जास्त निघाल्या त्या दुसऱ्या गटाकडून. याचं कारण चाकोरीत आहे. निवडायची मुभा असली की आपण आधी ओळखीची वस्तू ठरवतो आणि तिला लागणारे भाग वेचतो. भाग नेमून दिले की ओळखीची वस्तू त्यांतून बनतच नाही, आणि गाडी रानात उतरते.

मराठीत या खेळाचा सगळ्यांत धाडसी गडी म्हणजे बारामतीचे मोरोपंत (१७२९-१७९४). नाना अटी घालून त्यांनी रामकथा पुन्हा पुन्हा रचली; ती अष्टोत्तरशत रामायणं म्हणून ओळखली जातात. त्यांत एक आहे निरोष्ठ रामायण. ओठाला ओठ टेकून उच्चारले जाणारे वर्ण त्यात वर्ज्य आहेत. प, फ, ब, भ, म बंद.

क्षणभर थांबून या अटीचा पसारा पाहा. ‘म’ बंद म्हणजे ‘राम’ हे नावच बंद. लक्ष्मण गेला, भरत गेला, हनुमान, कुंभकर्ण, बिभीषण, शूर्पणखा गेले. सुमित्रा गेली. सीता राहिली, दशरथ, जनक, कैकेयी, जटायू राहिले. आता रामायण सांगा! रामाला ‘राम’ म्हणता येत नाही, म्हणून तो कोणाचा कोण आहे हे सांगावं लागतं: दाशरथी, सीतानाथ. प्रत्येक वेळी नावाऐवजी नातं उभं राहतं. ज्या नावावर जीभ घसरत घसरत आपण कथा ऐकतो, त्या नावाच्या जागी खड्डा पडल्यावर माणूस नव्याने दिसू लागतो.

ही युक्ती त्याआधी संस्कृतात दंडीने केली होती. त्याच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्त नावाचा राजकुमार आपली हकिकत ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो, कारण प्रेयसीच्या दंशाने त्याचा ओठ दुखावलेला असतो. मला हे कारण फार आवडतं. त्यामुळे अट कथेच्या बाहेरून लादलेली राहत नाही, पात्राच्या अंगाचीच होते. विसाव्या शतकात फ्रान्समध्ये जॉर्ज पेरेक याने १९६९ साली ‘ई’ हे अक्षर अजिबात न वापरता अख्खी कादंबरी लिहिली. फ्रेंचमध्ये सगळ्यांत जास्त लागणारं अक्षर तेच. पेरेकचे वडील युद्धात १९४० साली मारले गेले आणि आईला १९४३ साली आउशवित्झच्या छळछावणीत नेण्यात आलं. कादंबरीभर काहीतरी मूलभूत हरवलेलं आहे आणि त्याचं नाव घेता येत नाही. हे वाचल्यावर ती अट खेळ वाटत नाही.

┌─────────────
करून पाहा

एकदाही ओठ न टेकवता बोलायचं ठरवा आणि आपल्या गावाचं वर्णन करा. नांदेडकरांचं नशीब थोर, ‘नांदेड’, ‘गोदा’, ‘काठ’ सगळं चालतं. लातूरकरांनाही ‘लातूर’ म्हणता येतं, ‘तूर’ही. पण ‘मांजरा’ नदी, ‘मोंढा’ आणि ‘बाजार’ बंद. पाच मिनिटांत तुम्ही नेहमी न वापरलेले तीन-चार शब्द वापरलेले असतील. मुलांसोबत खेळताना एकच अट ठेवा आणि ती खेळ संपेपर्यंत बदलू नका.
─────────────┘

बोलायची बंदी, आणि बोलायची सोय

अटीचा एक उपयोग असाही आहे, की जे सरळ सांगता येत नाही त्याला ती दार देते. उखाणाच घ्या. नवऱ्याचं नाव बाईने घ्यायचं नाही ही बंदी. पण लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवाला तेच नाव घ्यायचा आग्रह. या दोहोंच्या चिमटीत दोन ओळी जन्मल्या, आणि नाव यमकाच्या आड लपून बाहेर आलं. ‘मला कविता-बिविता येत नाही’ म्हणणारी बाई चारचौघींत उभी राहून क्षणात उखाणा जुळवते. शेवट ठरलेला आहे, नाव ठरलेलं आहे, शोधायची आहे फक्त पहिली ओळ.

नांदेड जिल्ह्यातल्या माहूरच्या रेणुकेचे गोंधळी करपल्लवी जाणतात. आवाज वापरायचा नाही, बोटांच्या खुणांनी अक्षरं सांगायची. प्रेक्षकांतला कोणी एका गोंधळ्याच्या कानात नाव सांगतो, तो बोटं हलवतो, आणि दूर उभा असलेला जोडीदार ते नाव खणखणीत उच्चारतो. तोंड बंद केल्यावर त्यांनी हाताची एक लिपीच उभी केली.

जात्याची खोली हेही असंच दार होतं. पहाटेची वेळ, पुरुष झोपलेले, दगडाच्या घरघरीत शब्द अर्धे बुडालेले. सासूबद्दल, दारुड्या नवऱ्याबद्दल, अंगावरच्या माराबद्दल दिवसा बोलायची सोय नसलेली बाई ओवीत बोलायची. कोणी विचारलंच तर ती ओवीच, ‘म्हणायची रीत’. गी पॉइत्वँ आणि हेमा राईरकर यांनी अनेक वर्षं गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, हजारांवर गावांतून. आज त्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संग्रहात वाचता-ऐकता येतात. त्यांत परभणी जिल्ह्यातल्या ताडकळससारख्या मराठवाड्यातल्या गावांच्या ओव्या आहेत. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या ओव्या ऐकताना मला चौकटीचं बळ सगळ्यांत जास्त जाणवलं. गळा तोच, दोन ओळी त्याच, यमक तेच. पण पिढ्यान् पिढ्या जिथे राम उभा होता तिथे बाबासाहेब उभे आहेत. चौकट जुनी नसती तर हा बदल इतका लख्ख दिसला नसता. भिंत तीच राहिली आणि तसबीर बदलली, म्हणून ऐकणाऱ्याची मान वळते.

घास किती मोठा घालायचा

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग बंधनं जितकी जास्त तितकं चांगलं. तसं नाही, आणि हे मराठवाड्यातल्या माणसाने ठासून सांगायला हवं.

जातंच काय सांगतं पाहा. वापरून गुळगुळीत झालेला दगड दळत नाही. त्याला पाथरवटाकडून टाकी लावून घ्यावी लागते, पृष्ठभाग खडबडीत करावा लागतो. दाणा अडला पाहिजे, तरच फुटतो. पण घास मोठा घातला तर भरड निघते, आणि घास घातलाच नाही तर दगडावर दगड घासून पिठात कच येते. २०१९ साली ओगुझ अचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंधनं आणि कल्पकतेवरच्या १४५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्याचं चित्र असंच आहे: अजिबात बंधन नसेल तर माणूस सोप्या वाटेने जातो, मध्यम बंधन त्याला शोधायला लावतं, आणि फार झालं तर तो हरतो. कागदावर काढलं तर उलट्या टोपलीसारखी रेघ.

मात्र प्रमाणाच्या पलीकडे एक मोठा फरक आहे. अट आणि अभाव एकच नव्हेत. अट शोधाची जागा आखते. अभाव शोधणाऱ्याचीच ताकद खातो.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे लातूरला पाणी घेऊन आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली होती, भांडणं होऊ नयेत म्हणून. त्या उन्हाळ्यात लातूरच्या घरोघरी पाणी वाचवायच्या शेकडो युक्त्या निघाल्या हे खरं आहे. भांडी विसळलेलं पाणी झाडाला, आंघोळीचं पाणी संडासाला. पण ज्या बाईने रात्री दोन वाजता टँकरसाठी घागरी रांगेत लावल्या तिच्या डोक्यात त्या महिन्यात दुसरं काय मावलं असेल? ‘टंचाई माणसाला कल्पक बनवते’ असं जेव्हा कोणी व्यासपीठावरून सांगतं तेव्हा मला राग येतो.

त्या रागाला आधारही आहे. आनंदी मणी, सेंथिल मुल्लैनाथन, एल्डर शाफिर आणि जियायिंग झाओ यांनी तामिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. उसाचे पैसे वर्षातून एकदा येतात, त्यामुळे तोच शेतकरी तोडणीआधी तंगीत असतो आणि नंतर सैल. विचारशक्तीच्या सोप्या चाचण्या त्यांनी दोन्ही वेळा घेतल्या. तीच माणसं तंगीच्या दिवसांत कमी गुण मिळवत होती. पैशाची काळजी फळीवरची जागा अडवून बसते. चालीची अट फळी रिकामी करून देते, आणि कर्जाचा हप्ता ती भरून टाकतो. दोन्हींना ‘बंधन’ हा एकच शब्द वापरल्याने घोटाळा होतो.

म्हणून शाळेत मुलांना अट घालावी, पण पाठीवर ओझं ठेवून घालू नये. आठ ओळी, एक न वापरायचं अक्षर, एक पाहिलेली वस्तू, इतकं पुरे. ‘वेळ दहा मिनिटं, आणि गुण आहेत’ हे त्यात घातलं की मुलं पुन्हा ‘माझा आवडता ऋतू’च्या चाकोरीत शिरतात. मोकळा वेळ आणि घट्ट अट, हे मिश्रण मी आजवर वापरून पाहिलेल्यांत सगळ्यांत चांगलं आहे.

आणि ओव्यांचं कौतुक करतानाही जातं हे कष्टाचं होतं हे विसरता येत नाही. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बाया रडल्या नाहीत. पहाटेची झोप त्यांना पहिल्यांदा मिळाली. ओव्या त्यानंतर हळूहळू विरल्या, कारण ज्या फेऱ्यावर त्या उभ्या होत्या तो फेराच थांबला. मी आजीला त्या दिवशी विचारलं होतं, जातं आणून ठेवू का. तिने हात न थांबवता मान हलवली.

‘नको. ते जड असतंय.’

आणि पुढची ओवी सुरू केली. आमच्या त्या ध्वनिमुद्रणात तिच्या आवाजाखाली फरशीवर बांगड्या घासल्याचा आवाज आहे, गोल, सारख्या अंतराने, शेवटपर्यंत.